विहिरीची जाहिरात

जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्यानं आयुष्यात एक तरी कादंबरी लिहावी, असं मी अजूनही म्हणते. छापून आली नाही तरी चालेल, माझी तरी कुठं लगेच आली. पण लिहावी, फायदा होतो. मात्र तो फायदा मला कसा झाला हे कुणी विचारलं, की मी विषय बदलते, चहा मागवते, नाहीतर समोरच्यालाच उलट काहीतरी विचारते. कारण ते सांगायचं तर आमच्या विहिरीचं सांगावं लागतं, आणि विहिरीचं सांगताना मला अजून वर बघता येत नाही.

मी क्रांती चौकाजवळच्या एका लहानशा जाहिरात एजन्सीत लिहायला लागले तेव्हा शहरात दोनच धंदे जोरात होते, प्लॉटचा आणि टँकरचा. धरण तळाला गेलेलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर आलं. आणि तिकडं जालना रोडला, करमाडच्या अलीकडं-पलीकडं, ज्वारीच्या रानांत चुन्याच्या रेघा मारून वसाहती उठत होत्या. काल ज्या वावरात मेंढरं बसायची तिथं आज कमान, आणि कमानीवर एखाद्या फुलाचं नाहीतर परदेशातल्या गावाचं नाव. त्या कमानीच्या आतलं सगळं मी लिहायचे. निसर्गाच्या कुशीत. स्वप्नातलं घर. चोवीस तास पाणी. त्या चोवीस तास पाण्याच्या जागी मी एकदा जाऊन आले होते. तिथं एक बोअर होता आणि त्याच्या तोंडावर धोंडा ठेवलेला होता. मालकांना येऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, पाणी येणारच आहे ना? आपण थोडं आधी लिहितोय, एवढंच." मला तेव्हा हसू आलं. मी ते वाक्य चार ठिकाणी सांगून लोकांनाही हसवलं.

घर आमचं मेंढरं राखणाऱ्यांचं. सिल्लोडच्या पुढं अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो, तो आमच्या गावाला जातो. गावापासून जरा लांब, शेतातच आमचं घर. अण्णांकडं, म्हणजे वडिलांकडं, तेव्हा थोडी मेंढरं उरली होती; बाकी मका आणि कापूस, तोही आभाळाच्या मर्जीनं. माझ्यापेक्षा मोठा एक भाऊ, दादा. मेंढरांमागं कुणीतरी जायला हवं होतं म्हणून बारावीनंतर तो घरी राहिला, आणि मी शहरात होस्टेलवर राहून शिकले. असं का ठरलं, हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी कादंबरी लिहायचे. कळपामागं मुलूख पालथा घालणाऱ्या एका बाईची गोष्ट. ऑफिसात माझं नाव 'कादंबरीबाई' पडलं होतं. कादंबरी लिहिता लिहिता बाई नोकरी सोडून जाईल, अशी मालकांना धास्ती होती. घडलं उलटंच. माझ्या जाहिराती सुधारल्या.

त्याचं कारण अगदी साधं आहे. 'निसर्गाच्या कुशीत' हे कादंबरीत चालत नाही. तिथं लिहिलं, की लगेच आपलाच आपल्याला प्रश्न पडतो, कुठलं झाड? सावली कुणीकडं पडते? 'प्रेमळ बाई' असं लिहिलं तर बाई कागदावरून उठतच नाही. ती करपलेली भाकरी गुपचूप आपल्या ताटात ओढते असं लिहिलं, तेव्हा कुठं ती हलायला लागते. वर्षभर हे करून माझा हात बदलला. गुलमंडीवरच्या एका साडीवाल्याला 'दर्जा आणि विश्वास' हवा होता. मी त्याला लिहून दिलं, की आईनं पदर उलटा करून मागची वीण बघितली, बोटानं चाचपली आणि मग म्हणाली, घे. त्या दिवाळीत त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मालक पेढे घेऊन आले. विशेषणावर लोक विश्वास ठेवत नाहीत, बारीकसारीक गोष्टींवर ठेवतात, हे मला कळलं होतं, आणि ते कळल्याचा मला भलताच माज चढला होता.

त्याच वर्षांत दादाच्या लग्नाचं घोडं अडलं होतं. मुलगी द्यायची म्हटलं की मुलीचा बाप पहिल्यांदा पाण्याचं विचारायचा. मुलगा काय करतो, दारू पितो का, हे नंतर. आमच्या गावाला सरकारी टँकर लागलेला. तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि बाया चहूबाजूंनी दोर सोडून पाणी शेंदायच्या. ज्याच्या अंगात जोर त्याला पाणी. अशा गावात कोण पोरगी देणार? पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोरगं चांगलं आहे म्हणायचे, आणि घरी जाऊन कळवतो म्हणायचे. मायनं किती देवांना नवस बोलले होते ते देवच जाणे. दादाचा बायोडाटा सिल्लोडच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार केलेला होता. वर गणपती, खाली फुलांची वेल, मध्ये उंची, रास, मामाचं गाव. बाकी सगळ्या पोरांचा असतो तसाच.

एकदा फोनवर माय मला म्हणाली, "दुनियेच्या प्लाटाचं गोड गोड लिवतीस. सख्ख्या भावाचं लिवाया तुझा हात मोडला का?"

माझा हात मोडला नव्हता. तो शिवशिवतच होता. दुपारच्या डब्याच्या वेळेत मी नवा बायोडाटा लिहून काढला. दादापुढं 'निर्व्यसनी, मनमिळाऊ' असं लिहून मोकळी झाले, कारण तिथं सगळेच तसं लिहितात. पण 'शेती' या शब्दापुढं आले आणि माझ्यातली कादंबरीबाई जागी झाली. नुसतं 'बागायती' लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. मी लिहिलं: 'घराशेजारीच विहीर. विहिरीवर उंबराची सावली. चैत्रातसुद्धा पोहरा पुरता बुडतो.'

ही ओळ माझ्या कादंबरीतली होती. तिथं ती खरी होती, कारण तिथली विहीर माझ्या लहानपणची होती. तेव्हा खरंच भर चैत्रात पोहरा सोडला की डुब्ब असा आवाज यायचा आणि दोर जड व्हायचा. आता विहिरीच्या तळाशी कबुतरं उतरायची. उंबर मात्र होता, म्हणजे तीन वाक्यांतली दोन खरी होती. आमच्या धंद्यात हे प्रमाण उत्तम समजतात.

अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पर आता तर न्हाई बुडत, पोरी."

"अण्णा, पाऊस झाला की बुडेलच ना?" मी म्हणाले. "आपण थोडं आधी लिहितोय, एवढंच."

शिकलेल्या लेकीपुढं अण्णा कधीच वाद घालायचे नाहीत. मी तो बायोडाटा सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या फोनवर पाठवून दिला, ऑफिसात मालकांनाही दाखवला. ते म्हणाले, "विहीरच विकायला काढलीत की हो!" मला ती शाबासकी वाटली.

आठ दिवसांत मध्यस्थाचा फोन आला. करमाडकडचं घर होतं. त्यांचं रान प्लॉटिंगमध्ये गेलेलं, हातात पैसा आला पण पायाखालची जमीन गेली, म्हणून पोरगी तरी शेतावरच्या घरात द्यायची असं बापाच्या मनात होतं. आणि खुद्द मुलीनं बायोडाटा वाचून बापाला सांगितलं होतं, हे घर बघून या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या मुलीनं आपणहून दादाच्या घराचं नाव काढलं होतं. माय फोनवर रडली. मीही रडले, आणि खरं सांगते, त्या रडण्यात अर्धा भाग माझ्या लिहिण्याच्या कौतुकाचा होता.

आमच्यात मुलीकडचे आधी मुलाचं घर बघायला येतात. मुलगी येत नाही. तिचा बाप येतो, मामा येतो, मध्यस्थ असतो. ते चूल बघतात, गोठा बघतात, आणि निघण्याआधी विहिरीवर जातात. ज्याला पोरगी द्यायची असते तो वाकून विहिरीत बघतोच. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. ती ओळ लिहिताना मला तिची आठवण का झाली नाही, याचं उत्तर एकच आहे. जाहिरात वाचून माणूस जिथं जातो तिथं आपण कधी उभे नसतो. मला तशी सवयच नव्हती.

या वेळी मात्र मला तिथं उभं राहायचं होतं. मी रजा काढली, सकाळच्या एसटीनं सिल्लोडला उतरले आणि तिथून काळीपिवळी जीपमध्ये बसून गावाच्या फाट्यावर. शेतात शिरले तर विहिरीपाशी मोठाल्या चाकांच्या चाकोऱ्या, आणि माती ओली. चैत्रातली माती ओली! अण्णा धुतलेलं धोतर नेसून, नवा पटका बांधून विहिरीच्या काठावर उभे होते. चेहऱ्यावर लग्न जमल्यासारखा आनंद.

"ये, बघ," ते म्हणाले. "पोहरा बुडतोय का न्हाई बघ."

त्यांनी पहाटे खासगी टँकर बोलावून विहिरीत ओतून घेतले होते. गावातून नाही, ओढ्याच्या अंगानं, म्हणजे कुणाला दिसू नये. मी वाकून पाहिलं. एवढ्या रुंद विहिरीत दोन टँकरचं पाणी ते किती? तळाला गुडघाभर गढूळ पाणी होतं, आणि तेही मुरत चाललेलं.

"अण्णा, हे काय केलंत?"

"का? तू लिवलंयस ना," ते म्हणाले. "माझ्या लेकीचं लिवणं खोटं पडू द्यायचं न्हाई मला."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण धरणीच्या पोटात तेव्हा आमच्याच टँकरचं पाणी चाललेलं होतं. पाहुणे सिल्लोडहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. आता काही बदलायला वेळ नव्हता. दादा नवा शर्ट घालून उंबराखाली उभा होता. त्यानं एकदा विहिरीत पाहिलं, एकदा अण्णांकडं पाहिलं. मग "येतो जरा जाऊन" म्हणाला आणि गावाच्या वाटेला लागला. मला वाटलं पान-सुपारी, कात काहीतरी आणायला गेला असेल. पाहुणे यायच्या आत तो परतही आला.

मुलीचा बाप साधा माणूस होता. डोक्याला टोपी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. ओसरीवर बसून पोहे खाता खाता तो आपल्या रानाचं सांगत होता. "आता तिथं कमान हाय. आत कोन राहतंय, कोन न्हाई, देव जाने. मोठ्ठा बोर्ड लावलाय, चोवीस तास पानी म्हनून. आमी तिथं जलमलो, आमाला न्हाई कधी घावलं." सगळे हसले. मी पोह्यांच्या ताटल्या गोळा करायला लागले, अजून खाणं चाललेलं असताना. तो बोर्ड कुणी लिहिला होता हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

मग मामा उठला. "चला, विहीर बघू. पोरीनं सांगितलंय, विहीर बघून या म्हनून."

आम्ही घराच्या मागं वळलो आणि तिथंच थांबलो. गावाकडून पाऊलवाटेनं बाया पळत येत होत्या. डोक्यावर हंडे, कमरेवर कळश्या, खांद्यावर दोराची वेटोळी. पुढच्या काही जणी आधीच विहिरीला भिडल्या होत्या. चहूबाजूंनी दोर सुटले होते, पोहरे आत आपटत होते, एकमेकांत गुंतत होते. "माझा वडू दे गं आधी," "सरक तिकडं," असा कालवा. सरकारी टँकर आज आमच्या विहिरीत रिकामा झालाय असंच त्यांना वाटत होतं. दुष्काळात विहिरीत पाणी आलेलं कळल्यावर कुणी कुणाची परवानगी काढत नाही, आणि पिण्याच्या पाण्याला नको म्हणणारा माणूस आमच्याकडं अजून जन्मायचा आहे. अण्णा हात वर करून नुसते उभे राहिले. थांबा म्हणावं, तर का थांबा ते सांगावं लागलं असतं.

मुलीचा बाप काठाशी गेला आणि रीतीप्रमाणे वाकला. त्याच्या शेजारी मीही वाकले, कारण मला दुसरं काही सुचेना. पोहरे तळाला खरवडत होते. पाण्यापेक्षा गाळ जास्त वर येत होता.

"पोहरा बुडंना की हो," मामा म्हणाला.

"आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येनार?" मध्यस्थ बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यानं जीभ चावली.

एका म्हाताऱ्या बाईनं मायला विचारलं, "का गं, सरकारी टँकर न्हवं का ह्यो?"

मायनं पदर तोंडाशी धरला. "न्हाई आत्या. पाव्हन्यांसाठी आनला व्हता. पोराचं बघाया आलेत."

कालवा थांबला. बायांनी पाहुण्यांकडं पाहिलं, दादाच्या नव्या शर्टाकडं पाहिलं. मग त्या म्हातारीनं आपला भरलेला हंडा उचलला, विहिरीच्या काठाला टेकवला आणि आत ओतला. तिच्या मागून दुसरीनं ओतला. तिसरीनं. ज्या पाण्यासाठी त्या एवढ्या उन्हात लांबून पळत आल्या होत्या, ते आमची लाज राखायला त्या परत टाकत होत्या, आणि आमची लाज त्या धारेबरोबर सगळ्यांच्या समोर पडत होती. मला माझ्या दोन्ही हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मी ते पदराआड लपवले, जणू चोरी हातांनीच केली होती.

"ओतू नका, माय," मुलीचा बाप म्हणाला. "घरी न्या. ल्हान ल्हान लेकरं असतील." आणि त्यानं स्वतः खाली वाकून एका बाईच्या डोक्यावर हंडा चढवून दिला.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "कागदावरचं तुमी लिवलं का, ताई?"

"हो."

"लई चांगलं लिवता." त्यात कुत्सितपणा जराही नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. "पोरगी म्हनली, विहिरीचं इतकं बारीक लिवलंय, म्हंजी मानसं जीव लावनारी असतील." एवढं बोलून तो जीपकडं गेला.

नकार मध्यस्थाकडून आला. त्या मुलीचं पुढं वाळूजच्या कंपनीतल्या एका मुलाशी जमलं, हेही त्याच्याकडूनच कळलं. गावात कुणी आम्हाला हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. अण्णा नंतर कितीतरी दिवस विहिरीच्या बाजूला फिरकले नाहीत. आणि मला एकदाही, चुकूनही, कुणी म्हणालं नाही की हे तुझ्यामुळं झालं.

शहरात परत आल्यावर मालकांनी नव्या वसाहतीचं काम पुढ्यात टाकलं. मी लिहायला बसले की ते हंडे दिसायचे. शेवटी मी त्यांना विचारलं, "हे वाचून जो माणूस तिथं जाईल, त्याच्यासमोर कोण उभं असणार?" ते म्हणाले, "सेल्सवाला. दुसरं कोण?" त्यांनी मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं.

त्या सुट्टीत मी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचली. वाईट वाटेल असं मला तीत बरंच सापडलं. माझ्या बाईला एक भाऊ होता. मला रडवायचं असेल तेव्हा तो मरणाच्या दारात जायचा, हसवायचं असेल तेव्हा विनोद करायचा. बाकी वेळ तो कुठं असायचा, काय खायचा, कशाला भ्यायचा, याचा कुठंच पत्ता नव्हता. बोअरवरच्या धोंड्यासारखा तो पानावर ठेवलेला होता. तो भाग मी सगळा नव्यानं लिहायला घेतला, आणि तेव्हा मला कादंबरीचा दुसरा फायदा कळला, जो पहिल्याच्या आधी कळायला हवा होता. बारकावे सांगणं ही कादंबरीतली सोपी गोष्ट. अवघड गोष्ट ही, की तिथं वाक्य लिहून निघून जाता येत नाही. बाईला विहिरीकाठच्या घरात नांदायला आणलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठते, आणि तिला पाणी लागतं. तिसऱ्या दिवशीही लागतं. लिहिणाऱ्याला तिच्याबरोबर तिथं राहावं लागतं. जाहिरातीत आम्ही माणसाला दारापर्यंत आणून सोडतो आणि पळ काढतो. ज्यानं कादंबरी लिहिली आहे त्याचे पाय पळताना जरा तरी अडखळावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे. माझे अडखळले ते विहिरीनंतर.

दिवाळीला घरी गेले तेव्हा ठरवूनच गेले होते, की दादाचा बायोडाटा पुन्हा लिहायचा आणि खरा लिहायचा. दुपारी तो उंबराखाली मेंढीची लोकर कातरत बसला होता. मी समोर बसले आणि कादंबरीतल्या माणसांना विचारते तसे प्रश्न त्याला विचारायला लागले. तुला राग कशाचा येतो? भीती कशाची वाटते? बायको म्हणाली, शहरात जाऊ, तर काय करशील?

आधी तो हसला. "मला काय कादंबरीत घालतीस का?" मग कातर चालवत चालवत बोलायला लागला. त्याला विजेची भीती वाटते. कळपात वीज पडलेली त्यानं लहानपणी पाहिली होती. बायको शहरात जाऊ म्हणाली तर तो जाईल, फक्त दोन मेंढ्या तरी ठेवता येतील अशी जागा बघेल. आणि त्याला एकट्यानं जेवायला आवडत नाही. रानात असला की तो भाकरी सोडून तसाच बसतो, कुणी वाटसरू दिसला तर हाक मारतो, नाहीतर कुत्र्याला समोर बसवतो. हा माझा सख्खा भाऊ. एका न जन्मलेल्या बाईच्या मनात काय चाललंय हे शोधायला मी वर्षं घातली होती, आणि याच्यासाठी मला दोन शब्द पुरले होते, निर्व्यसनी आणि मनमिळाऊ. सगळा जीव मी विहिरीत ओतला होता.

"हेच लिहिते," मी म्हणाले. "विहिरीचं काही नको." मग इतके महिने मनात असलेलं विचारलं. "दादा, त्या दिवशी टँकर तर ओढ्याच्या अंगानं आले होते, पहाटे. गावातल्या बायांना कळलं कसं रे?"

त्याची कातर थांबली नाही. "म्या सांगून आलो व्हतो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तू?"

"व्हय. म्हनलं, आमच्या विहिरीत पानी आलंय, घिऊन जा." त्यानं मेंढी दुसऱ्या कुशीवर वळवली. "ती पोरगी आली असती की गं. तू लिवलंच तसं व्हतं. म्या फोनवर वाचलं तवा मलाच वाटलं, किती चांगलं घर हाय हे, आपुन इथं राह्याला पायजे. ती आली असती, आन दुसऱ्या दिशी हंडा घिऊन त्याच बायांत दोर वडीत उभी राहिली असती. मंग तिनं माझ्याकडं बघितलं असतं, तर म्या काय सांगायचं व्हतं? माझ्या बहिनीनं लिवलंय म्हनून?"

"मग मला आधीच का नाही बोललास?"

"तू लई खुशीत व्हतीस," तो म्हणाला. "आन अण्णाबी."

इतक्या वर्षांनी एक मुलगी त्याचं घर बघा म्हणाली होती, आणि नवा शर्ट घालून तो स्वतः गावात जाऊन ती सोयरीक मोडून आला होता. कुणाला दोष न देता. माझ्यापुढं कागद होता आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. तोच म्हणाला, "लिव की मंग. पर एक कर. तिनं उद्या मला इचारलं, हे असंच हाय का, तर मला व्हय म्हनता आलं पायजे. तेवढंच लिव."

मी डोळे पुसून लिहिलं, 'एकट्यानं जेवायला आवडत नाही.' ती ओळ त्याला वाचून दाखवली. आधीचा बायोडाटा मी अण्णांना वाचून दाखवला होता, ऑफिसात मालकांना दाखवला होता, सगळ्या सोयऱ्यांना पाठवला होता. ज्याचा होता त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानं कातर खाली ठेवली. "व्हय," तो म्हणाला.